पायी नर्मदा परिक्रमा : तयारी आणि वाटेवरचे वागणे

नर्मदा परिक्रमा पायी करावयाची असेल, तर निघण्यापूर्वी तीन नियम पक्के समजून घ्यावेत. मैया, म्हणजे नर्मदा, सदैव उजव्या हाताला ठेवायची, तिचे पात्र कोठेही ओलांडायचे नाही (उपनद्या ओलांडाव्याच लागतात, त्यात दोष नाही) आणि चातुर्मासात चालणे थांबवायचे. म्हणूनच बहुतेक परिक्रमावासी कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरच्या दक्षिण तटावर बाटलीत जल भरून, परिक्रमेचा संकल्प करून पश्चिमेकडे निघतात. नदीची लांबी १३१२ किलोमीटर आहे. दोन्ही तट आणि वळणे धरता चाल अडीच हजार किलोमीटरच्या पुढे जाते आणि तिला साधारण चार ते सहा महिने लागतात.

पाठीवरचे ओझे सहा-सात किलोंपेक्षा जास्त नसावे. दोन जोड कपडे, पातळ सतरंजी, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीसाठी एक चांगले पांघरूण, विजेरी, ताट-वाटी, लहान पातेले, नेहमीची औषधे आणि ओळखपत्र एवढे पुरते. बूट नेहमीच्या मापापेक्षा किंचित मोठे घ्यावेत, कारण दिवसभराच्या चालीने पाय सुजतात. ते निघण्यापूर्वी महिनाभर तरी वापरलेले असावेत. धुतलेले मोजे पिशवीच्या पाठीला पिना लावून अडकवले, की दुपारपर्यंत चालता चालता वाळतात. तळवा चुरचुरू लागताच तेथेच बसून मोजा काढावा व चिकटपट्टी लावावी. पुढच्या गावात पाहू म्हणणाऱ्याच्या पायाला हमखास फोड येतो.

खरी तयारी मात्र गावांत वागण्याची करावी लागते. तटावरच्या आश्रमांत, धर्मशाळांत आणि कित्येकदा साध्या घरांतही परिक्रमावासीला आसन लावायला, म्हणजे मुक्कामाला अंथरूण टाकायला, जागा व भोजनप्रसादी मिळते. काही ठिकाणी शिजवलेले अन्न न देता सदावर्त, म्हणजे कोरडा शिधा देतात. तो एका वेळेपुरताच घ्यावा. साठवणे परंपरेला धरून नाही, आणि पाठीलाही परवडत नाही. दारात उभे राहून ‘नर्मदे हर’ म्हणावे, जागा मिळेल का हे नम्रपणे विचारावे आणि नकार आला तर मुकाट्याने पुढे जावे. जेवल्यावर आपले भांडे आपण घासावे, आसनाची जागा झाडून द्यावी. अमुक भाजी चालत नाही, चहा बिनसाखरेचा हवा, अशा फर्माइशी करू नयेत. पथ्य असेल तर वाढण्यापूर्वीच सांगावे. यजमानाच्या घरची चूल अनेकदा आपल्या घरच्यापेक्षा बेताची असते, हे विसरलेले यात्रेकरू पाहिले की वाईट वाटते. वाट विचारताना अंतरावर विसंबू नये, कारण ‘बस, पास में ही है’ याचा अर्थ दीड किलोमीटरही होतो आणि आठही. त्यापेक्षा पुढच्या मुक्कामाच्या गावाचे नाव विचारावे आणि दिवस मावळण्यापूर्वी आसन लावावे.

शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे नर्मदाकाठच्या डोंगराळ जंगलपट्ट्यात, सरदार सरोवरामुळे तटावरची जुनी वाट पाण्याखाली गेली आहे. सध्याची वाट नंदुरबार जिल्ह्यातील डोंगरपाड्यांतून चढ-उताराने जाते, म्हणून तेथे एकट्याने न जाता चार-पाच जणांची सोबत धरावी, पाणी भरून घ्यावे आणि मोबाइलच्या नकाशापेक्षा पाड्यावरच्या माणसाचे ऐकावे. नर्मदा समुद्राला मिळते तेथे दक्षिण तटावरून उत्तर तटावरच्या मीठीतलाईला समुद्रातून नावेने जावे लागते. नाव भरतीच्या वेळेनुसार सुटते आणि गर्दी असेल तर थांबावे लागते, त्यामुळे येथे एक-दोन दिवस हाताशी ठेवावेत.

तेथून उत्तर तटाने अमरकंटकपर्यंत चढत जाऊन, उगमाला वळसा घालून दक्षिण तटाने ओंकारेश्वरला परतावे. मांधाता बेटावरील ओंकारेश्वराच्या मंदिरात जायचे तर पात्र ओलांडावे लागते, म्हणून परिक्रमा पूर्ण होईपर्यंत तेथे जाता येत नाही. सोबत आणलेले जल तेथे वाहणे, कन्यापूजन व कढाईचा (शिऱ्याचा) प्रसाद यांसाठी शेवटी दोन दिवस लागतात. तेव्हा परतीचे आरक्षण ओंकारेश्वरला पोहोचल्यावरच करावे.