नवोदयच्या नववीसाठी आठवीच्या मुलाचं गणित कसं तयार करायचं

इंदूरच्या टिळकनगर, लोकमान्यनगरकडचे पालक माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न हमखास एकच असतो: "काकू, मागच्या वर्षांचे पेपर कुठे मिळतील?" पेपर मिळतात, त्याची काळजी नको. पण मुलाचं पाचवी ते सातवीचं गणित तपासल्याशिवाय त्याला पेपर सोडवायला बसवू नका. शाळेत वर्षानुवर्षं गणित शिकवलं, आता घरी मुलांना बसवते. आठवीत अडलेलं मूल खरं तर आठवीत अडलेलं नसतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आधी परीक्षा समजून घ्या. आपल्या इंदूर जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, मानपूरला आहे. नववीत फक्त रिकाम्या राहिलेल्या जागा भरतात, त्यामुळे चुरस मोठी. मूल त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत आठवीत शिकत असलं पाहिजे. परीक्षा साधारण फेब्रुवारीत होते. अडीच तास, १०० गुण: गणित ३५, विज्ञान ३५, इंग्रजी १५, हिंदी १५. इंदूरातच राहायचं असेल तर राज्य शासनाचं उत्कृष्ट विद्यालय बाल विनय मंदिर आहे. तिथेही नववीला प्रवेश परीक्षा असते, आणि गणिताचा पाया तोच लागतो.

आता तपासणी. रविवारी सकाळी मुलाला कोरा कागद द्या आणि ही पाच गणितं घाला. घड्याळ लावू नका.

३/४ + २/३
−७ − (−३)
०.३ × ०.२
१२ मजूर एक काम १५ दिवसांत करतात, तर २० मजूर किती दिवसांत करतील?
३(x − २) = २x + ५

उत्तरं अनुक्रमे १७/१२, −४, ०.०६, ९ दिवस आणि ११. पण उत्तर बरोबर आलं की पुढे, असं करू नका. प्रत्येक गणितानंतर "कसं केलंस?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. मध्येच सुधारू नका, वडिलांना तर हे फार जड जातं. पहिल्याचं उत्तर ५/७ आलं, तर मुलाने वरचे वर आणि खालचे खाली मिळवले. त्याच्या लेखी ३/४ ही एक संख्याच नाही, दोन सुट्या संख्या आहेत. तिसऱ्याचं ०.६ आलं, तर दशांश स्थानाचा अर्थ कच्चा. चौथ्याचं २५ आलं, तर मजूर वाढले म्हणजे दिवसही वाढले, असं त्याने न वाचताच धरलं. शेवटच्यात कंसातल्या −२ ला ३ ने गुणलं नाही, तर पुढची बीजगणितातली सगळी प्रकरणं डळमळणार.

अपूर्णांकांवर सर्वांत जास्त वेळ द्या. तीन आठवडे लागले तरी चालतील. नियम पाठ करून घेऊ नका. चौकटींच्या वहीत १२ घरांची पट्टी आखा. तिचे ३/४ म्हणजे ९ घरं, २/३ म्हणजे ८ घरं, मिळून १७ घरं, आणि प्रत्येक घर पट्टीचा बारावा भाग. छेद १२ का घ्यायचा, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. मग १५ घरांची पट्टी घेऊन १/३ आणि २/५ त्याला स्वतः करू द्या. पट्टी न आखता तीन-चार दिवस बरोबर यायला लागलं की मगच भागाकाराकडे वळा. परिमेय संख्या, शेकडेवारी, प्रमाण, समीकरणं या सगळ्यांत हाच अपूर्णांक येतो. ऋण संख्यांसाठी उधारी पुरते: सात रुपये देणं होतं, त्यातलं तीन रुपयांचं देणं माफ झालं, उरलं चार रुपयांचं देणं. चिन्हांचा नियम त्यानंतर सांगा.

शेकडेवारी बाजारात शिकवा. क्लॉथ मार्केटमध्ये "२०% आणि वर १०% सूट" अशी पाटी दिसली की मुलाला विचारा, एकूण सूट किती? ३० म्हणालं तर १०० रुपयांचं कापड धरून करायला लावा. आधी ८० झाले, मग ८० चे १० टक्के म्हणजे ८ गेले, उरले ७२. सूट २८ टक्के. हे कळलेल्या मुलाला चक्रवाढ व्याज वेगळं शिकवावं लागत नाही.

हा पाया गणपतीपर्यंत पक्का करा. मग दिवाळीपर्यंत आठवीचा अभ्यासक्रम: वर्ग, घन आणि मुळं, घातांक, नित्यसमानता व अवयव, चौकोन, घन-इष्टिकाचिती-वृत्तचितीचं पृष्ठफळ व घनफळ, आलेख, संभाव्यता. पेपर हिंदी-इंग्रजीत असतो, म्हणून वृत्तचितीला बेलन आणि अपूर्णांकाला भिन्न म्हणतात, हे मराठी घरातल्या मुलाला आधीच सांगून ठेवा. पाढे मात्र त्याला ज्या भाषेत येतात त्याच भाषेत राहू द्या.

जुने पेपर दिवाळीनंतर, आठवड्याला एकच. १५० मिनिटं आणि १०० प्रश्न. माझी वाटणी अशी: दोन्ही भाषांना मिळून २५ मिनिटं, विज्ञानाला ३५, गणिताला ७०, उरलेली २० ओएमआर पत्रिका (उत्तरांचे गोल रंगवायचा कागद) आणि फेरतपासणीसाठी. पेपर सोडवायला जितका वेळ, तितकाच दुसऱ्या दिवशी चुकांना द्या. एका वहीत डाव्या पानावर मुलाने केलेली पायरी जशीच्या तशी, उजव्या पानावर बरोबर पायरी. "घाईत चुकलं" हे कारण त्या वहीत लिहायचं नाही. कुठल्या ओळीत चुकलं, ते लिहायचं.

प्रवेश झाला म्हणजे काम संपलं, असंही समजू नका. नवोदयला सीबीएसई हे केंद्रीय बोर्ड आहे. दहावीच्या गणिताला ८० ची लेखी आणि २० अंतर्गत, उत्तीर्ण व्हायला ३३. अंतर्गतमध्ये १८ मिळाले तर लेखीत ८० पैकी १५ पुरतात. त्या १५ गुणांवर अकरावीचं गणित झेपत नाही. मुलाची तयारी मोजायची तर लेखीतले गुण वेगळे काढून पाहा. २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षात दोनदा होते: पहिली सर्वांना सक्तीची, दुसरी गुण सुधारण्यासाठी, जास्तीत जास्त तीन विषयांची.

दहावीत गणित स्टँडर्ड की बेसिक, हेही ठरवावं लागतं. अभ्यासक्रम एकच, बेसिकचा पेपर सोपा. पुढे इंजिनिअरिंग किंवा शुद्ध विज्ञान डोक्यात असेल तर स्टँडर्डच घ्या. ज्याला गणित पुढे न्यायचंच नाही त्याने बेसिक घेतलं तर त्यात कमीपणा काही नाही. मात्र हा निर्णय नववीच्या वार्षिक परीक्षेचा लेखी पेपर समोर ठेवून, मुलाला शेजारी बसवून करा.