मर्यादा ठरवण्याआधी आकडा समजून घ्या : एसएनएमपी देखरेखीचा अनुभव

नेटवर्क देखरेखीच्या कामात नव्याने येणारे बहुतेक जण सुरुवातीलाच एखादे सॉफ्टवेअर शिकू लागतात. झॅबिक्स असो वा लिब्रेएनएमएस, डिव्हाइस जोडले की आलेख दिसू लागतात आणि अलर्टच्या मर्यादाही तयार मिळतात. माझा आग्रह असा की, त्याआधी काही दिवस कमांड लाइनवर एसएनएमपीवॉक (एसएनएमपी म्हणजे नेटवर्कवरच्या डिव्हाइसला त्याची स्थिती विचारण्याचा प्रोटोकॉल आणि ही त्यातली माहिती ओळीने वाचून दाखवणारी कमांड) चालवून एखादा स्विच स्वतःविषयी काय सांगतो ते नीट वाचावे. मॅनेजर, म्हणजे देखरेख करणारा संगणक, यूडीपी या प्रोटोकॉलच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर विचारणा करतो आणि डिव्हाइसमधला एजंट नावाचा प्रोग्राम उत्तर देतो. प्रत्येक माहितीला ओआयडी म्हणजे टिंबांनी जोडलेल्या आकड्यांचा पत्ता असतो, आणि त्या पत्त्यांचा अर्थ एमआयबी फाइलमध्ये दिलेला असतो. एवढे समजले की खरा अभ्यास सुरू होतो तो आकड्यांचा.

इंटरफेसवरून किती वेगाने डेटा जातो हे या मोजणीत थेट मिळत नाही. मिळते ती आतापर्यंत आलेल्या बाइटांची चढती संख्या. पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदींत १५० कोटी बाइटांचा फरक आला, तर त्याला ८ ने गुणून ३०० सेकंदांनी भागायचे, म्हणजे सरासरी वेग ४० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) निघतो. हे गणित एकदा तरी हाताने करून पाहावे, कारण पुढच्या अनेक गफलतींचे मूळ त्यातच असते.

आलेल्या बाइटांची ही संख्या ठेवणारा ‘इफ-इन-ऑक्टेट्स’ हा जुना काउंटर ३२ बिटांचा आहे आणि ४,२९,४९,६७,२९५ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो. पूर्ण भरलेल्या १०० एमबीपीएस लिंकवर ही फेरी सुमारे ३४३ सेकंदांत पूर्ण होते, पण १ जीबीपीएस लिंकवर तिला जेमतेम ३४ सेकंद पुरतात. दर पाच मिनिटांनी पोलिंग, म्हणजे ठरावीक अंतराने होणारी विचारणा, होत असेल तर मधल्या काळात काउंटर आठ वेळा फिरून गेलेला असतो आणि सॉफ्टवेअर फार तर एकच फेरी गृहीत धरते. त्यामुळे आलेख सुमारे ११४ एमबीपीएसच्या वर कधी जातच नाही. मी असा आलेख पाहिला आहे. वापरकर्ते नेटवर्क संथ झाल्याची तक्रार करत होते आणि पडद्यावर लिंक जवळजवळ रिकामी दिसत होती. तिथे लावलेली ८० टक्क्यांची मर्यादा कधीच ओलांडली जाणार नव्हती. उपाय सोपा आहे : ‘इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स’ हा ६४ बिटांचा काउंटर वापरावा. मात्र तो एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मिळत नाही. २सी किंवा ३ लागते. शक्य असेल तिथे ३ च निवडावी, कारण आधीच्या आवृत्त्यांत पासवर्डसारखी वापरली जाणारी कम्युनिटी स्ट्रिंग उघड्या मजकुरात जाते.

पोलिंगचे अंतरही विचारपूर्वक ठरवावे लागते. लिंक ३० सेकंद पूर्ण भरली आणि उरलेले २७० सेकंद मोकळी राहिली, तर पाच मिनिटांची सरासरी १० टक्के दाखवते, आणि त्या ३० सेकंदांत टाकून दिलेली पॅकेट्स मात्र खरीच असतात. म्हणून महत्त्वाच्या अपलिंकवर (मुख्य नेटवर्ककडे जाणाऱ्या लिंकवर) मी वापराच्या टक्क्यांइतकेच ‘इफ-आउट-डिस्कार्ड्स’च्या, म्हणजे टाकून दिलेल्या पॅकेट्सच्या काउंटरच्या, वाढीकडे लक्ष ठेवतो आणि पोलिंग दर मिनिटाला करतो. सगळ्याच डिव्हाइसना तसे करू नये. लहान स्विचच्या सीपीयूवर सततच्या विचारणेचाच ताण येतो.

मर्यादा लावताना अलर्ट चढण्याचा आणि उतरण्याचा आकडा वेगळा ठेवावा. सलग तीन पोलिंगमध्ये वापर ८५ टक्क्यांच्या वर राहिला तर अलर्ट यावा आणि ७० च्या खाली आल्यावरच तो मिटावा, अशी रचना केली नाही तर ८५ च्या आसपास हेलकावणारी एकच लिंक रात्रभर संदेशांचा भडिमार करते, आणि अशा भडिमाराला सरावलेला माणूस खरा अलर्टही वाचत नाही. टेबलावरच्या संगणकांना जोडलेल्या पोर्टवर ‘डाउन’चा अलर्ट लावू नये, माणसे संगणक बंद करून घरी जातात, तो बिघाड नव्हे. कोअर म्हणजे मध्यवर्ती स्विच बंद पडला की त्यामागची सगळी डिव्हाइसे दिसेनाशी होतात, म्हणून कोण कोणावर अवलंबून आहे हे सॉफ्टवेअरमध्ये आधीच नोंदवावे.

ट्रॅपवर मात्र विसंबू नये. ट्रॅप म्हणजे विचारणा न होता डिव्हाइसने १६२ क्रमांकाच्या पोर्टवर स्वतःहून पाठवलेला इशारा, पण त्याची पोच येत नाही, आणि जी लिंक तुटली तिच्यातूनच जाणारा ट्रॅप वाटेतच हरवतो.

शेवटी, ‘सिस-अपटाइम’, म्हणजे डिव्हाइस किती वेळ सुरू आहे ते सांगणारा आकडा. हा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो आणि ३२ बिटांत मावतो, म्हणून सुमारे ४९७ दिवसांनी तो शून्यावर येतो आणि डिव्हाइस रीस्टार्ट झाल्याचा अलर्ट वाजतो. अशा वेळी आधीची नोंद ४९७ दिवसांच्या जवळ होती का ते तपासावे, डिव्हाइसचा लॉग पाहावा, आणि मगच कोणाला झोपेतून उठवावे.