कडधान्य बिघडतं, बोलणी तेलाला: या चुका टाळा

"उसळ खाल्ली की पोट डब्ब होतं, तर्री कमी करायला हवी." हे ऐकून ऐकून कान किटले. तेलाची चूक असतेही, पण पुष्कळदा घोळ त्याच्या आधी, भिजवण्याशिजवण्यात झालेला असतो.

माझ्याच घरचं सांगते. भाच्याने हौसेने स्लो कुकर आणला. राजमा रात्रभर भिजवला, सकाळी मंद आचेवर लावला आणि गडी ऑफिसला. रात्री वरून लोण्याचा गोळा. दोन तासांत तिघं उलट्या करत बसले. सगळ्यांचं बोट लोण्याकडे! लोणी बिचारं निर्दोष होतं. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे पोट बिघडवणारं प्रथिन असतं. ते खळखळ उकळीत नष्ट होतं, ८० अंशांच्या खालच्या कोमट आचेवर नाही. मी भिजवणाचं पाणी ओतून देते, ताज्या पाण्यात १० मिनिटं सणसणीत उकळते, मग काय ते मंद. घाई असेल तर आपला प्रेशर कुकर आहेच. न उकळता 'आपोआप शिजेल' म्हणणाऱ्यांनी राजम्याच्या वाटेला जाऊच नये.

दुसरी चूक उलट्या टोकाची: "चोथा आहे ना, तेल कितीही चालतं." नाही चालत. फोडणीचं तेल दाण्याच्या बाहेरच असतं. लहान आतड्यात पित्त त्याचे बारीक थेंब करतं आणि स्वादुपिंडाचं लायपेज ते पचवतं. विरघळणारा चोथा हे काम थोडं सावकाश व्हायला लावतो, काही पित्त धरून बाहेर नेतो, मग यकृताला कोलेस्टेरॉल खर्चून नवं पित्त करावं लागतं. फायदा खरा, पण त्याने पळीभर तेल गायब होत नाही.

दाण्यातल्या तेलाची गोष्ट वेगळी. अख्खा दाणा शिजला की त्याच्या पेशी एकमेकींपासून सुटतात, पण बऱ्याचशा फुटत नाहीत. चिमटीत चोळा, रवाळ लागेल. आतला ऐवज भिंतीआड राहतो, पाचकरस उशिरा पोचतात. कच्चं कडधान्य बारीक दळलं की भिंतीच फुटतात. राजम्यात तेल जेमतेम दीड टक्का, तिथे फारसा फरक नाही. सोयाबीनमध्ये ते २० टक्क्यांच्या आसपास, तिथे अख्खं की पीठ हे बघायला हवं. उसळ मिक्सरमधून काढून, गाळून 'हलकं सूप' करणाऱ्यांनी चोथा गाळणीतच ठेवला, मग चोथ्याचे गोडवे कशाला?

बाकी किरकोळ. सोडा घालू नका, दाणा मऊ होतो पण थायमिन (ब१ जीवनसत्त्व) जातं. चिंच, आमसूल, टोमॅटो दाणा शिजल्यावरच. डाळवडा म्हणजे 'डाळच तर आहे' नव्हे, कढईतलं तेलही त्यात आहे.

आणि एकच दाणा दाबून 'शिजलं' असं ठरवू नका. मी चार-पाच वेगवेगळ्या जागचे काढते. तर्री वेगळ्या वाटीत देते, ज्याला हवी त्याने चमच्याने मोजून घ्यावी.