७४ की १८१?

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मला इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट शुद्ध करायचं होतं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीच्या वहीत त्याचा बॉइलिंग पॉइंट होता १८१ अंश, माझ्या वहीत ७४. दोघींनीही तो पुस्तकातूनच उतरवला होता. मी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून साधं डिस्टिलेशन लावलं. पाऊण तास झाला तरी ७४ ला काही खाली येईना, म्हणून आच वाढवत गेले. शेवटी थेंब पडायला लागले ते १७० च्या पुढे, आणि फ्लास्कमध्ये उरलेलं द्रव तोवर तपकिरी पडलेलं.

मॅडम आल्या. त्यांनी एकच विचारलं, "हा आकडा कुठून आणलास?" मला सांगता आलं नाही. पुस्तकाचं नाव आठवत होतं. आवृत्ती, पान काही नाही. त्या म्हणाल्या, "जिथून आणलास तिथे परत जा, आणि ती ओळ शेवटपर्यंत वाच."

ओळीच्या शेवटी होतं ७४/१४ मिमी. म्हणजे पाऱ्याच्या १४ मिलिमीटर दाबाला ७४ अंश. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब ७६० मिलिमीटर, त्याला हेच द्रव १८१ च्या आसपास उकळतं, आणि उकळता उकळता थोडं विघटितही होतं. म्हणून तर ते व्हॅक्यूमखाली डिस्टिल करायचं. दोन्ही आकडे बरोबर होते. मी उतरवताना तिरक्या रेघेनंतरचं सोडून दिलं होतं. त्या दिवसापासून ग्रंथालयात जाणं हा माझ्या प्रयोगाचाच भाग झाला. बडोद्यात किंवा कुठेही रसायनशास्त्राला नव्याने आलेल्यांसाठी, मला तिथे काय काय अडलं आणि ते कसं सुटलं ते लिहिते आहे.

आमचं घर दांडिया बाजारात. तिथून सायकलने विद्यापीठाच्या श्रीमती हंसा मेहता ग्रंथालयात जायचं. विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं तेव्हा हंसाबेन त्याच्या पहिल्या कुलगुरू होत्या. बडोदेकरांना ग्रंथालयाचं कौतुक तसं त्याच्याही आधीपासूनचं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून संस्थानभर ग्रंथालयं उभी करायला लावली. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातल्या जाड काचेच्या जमिनी आमच्या आजोबांनी आम्हाला हात धरून दाखवल्या होत्या. पण कौतुक असणं वेगळं आणि त्या कपाटांत आपल्याला हवी ती ओळ सापडणं वेगळं.

रेफरन्सच्या डेस्कवर एक बेन बसायच्या. रसायनशास्त्र त्यांचा विषय नव्हता. मी अर्धा तास कपाटांपुढे फिरताना त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "पहेलां इन्डेक्स जुओ." आधी सूची बघा. माझ्या शिक्षणातल्या सगळ्यात उपयोगी तीन शब्दांत मी हे धरते, कारण आम्ही सगळे थेट पान उघडून चाळत बसायचो. दहा-वीस खंडांच्या ग्रंथात सूचीचा खंड बहुधा शेवटी असतो आणि त्यालाच कुणी हात लावत नाही.

आधी कपाटं. ड्युई दशांश पद्धत वापरणाऱ्या ग्रंथालयात रसायनशास्त्र ५४० ला असतं: ५४१ भौतिक, ५४३ विश्लेषण, ५४६ असेंद्रिय, ५४७ सेंद्रिय. नव्या मुलांना हे पटकन कळतं आणि मग ती ५४० च्या गल्लीतून बाहेरच पडत नाहीत. रासायनिक तंत्रज्ञान ६६० ला आहे, कधी कधी दुसऱ्या मजल्यावर. कर्क-ऑथमर आणि उलमान हे दोन मोठे औद्योगिक विश्वकोश तिकडे सापडतात. एखादं रसायन कारखान्यात कशापासून करतात, कुठल्या उत्प्रेरकावर, कशासाठी वापरतात, हे पाठ्यपुस्तकात दोन ओळींत असतं आणि तिथे कित्येक पानांत. बडोद्याजवळची कोयलीची रिफायनरी, खतांचे कारखाने, नंदेसरीचा औद्योगिक पट्टा, या भागात ज्यांना नोकरी करायची आहे त्यांनी तर ६६० ची गल्ली आधी पाहावी असं माझं ठाम मत आहे. मुलाखतीत मला विचारलेले निम्मे प्रश्न तिथले होते.

रेफरन्सची पुस्तकं घरी देत नाहीत. त्यामुळे वही घेऊन जा आणि उतरवताना आकड्याच्या शेजारीच पुस्तक, आवृत्ती आणि पान लिहा. आवृत्ती महत्त्वाची. सीआरसी हँडबुक हे गुणधर्मांच्या तक्त्यांचं पुस्तक १९१३ पासून निघतंय आणि त्याच्या तक्त्यांची मांडणी मधे मधे बदलत आली आहे. जुन्या आवृत्तीतलं पान नव्या आवृत्तीत शोधायला गेलात तर तिथे भलतंच काही निघेल. एका ओळीत मेल्टिंग पॉइंट, बॉइलिंग पॉइंट, घनता एवढंच हवं असेल तर मात्र सीआरसी पुरतं.

मर्क इंडेक्स या रसायनांच्या आणि औषधांच्या कोशात माझा वेगळाच घोळ झाला. मागच्या सूचीत नावापुढे आकडा होता, मी ते पान उघडलं, तिथे ते रसायन नाही. पुस्तक सदोष आहे असं समजून मी ते परत ठेवलं. तो आकडा पानाचा नव्हताच. मर्कमध्ये प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो आणि सूची त्या क्रमांकाकडे पाठवते. १८८९ पासूनचं हे पुस्तक, २०१३ ची पंधरावी आवृत्ती रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने काढली. औषधांच्या बाजूचं काम असेल तर इथूनच सुरुवात करा. नोंदीच्या पोटात मूळ शोधनिबंधांचे संदर्भ असतात, तिथून वाट पुढे फुटते.

आता खरी अडचण, नावांची. हिच्यात माझे पूर्ण दोन दिवस गेले.

केमिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स १९०७ मध्ये सुरू झालं, बडोद्यात अलेम्बिक ही औषधांची कंपनी सुरू झाली त्याच साली. जगभरातल्या रसायनशास्त्राच्या निबंधांचे आणि पेटंटांचे सारांश. छापील अंक २०१० पासून बंद आहेत, पण जुन्या विद्यापीठांत त्याच्या लांबच लांब रांगा अजून उभ्या असतात. एकेक वर्ष न बघता सामूहिक सूची बघायची हे मला ठाऊक होतं. आधी त्या दहा-दहा वर्षांच्या असायच्या, १९५७ पासून पाच-पाच वर्षांच्या. मी 'इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट' हे 'ई' खाली शोधलं. नाही. 'ए' खाली शोधलं तर जुन्या सूचीत सापडलं, 'अ‍ॅसिटोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, इथाइल एस्टर' असं. नव्या सूचीत तिथेही नाही. जणू १९७२ नंतर या संयुगावर जगात कुणी कामच केलं नाही!

झालं असं होतं की १९७२ ला सुरू झालेल्या नवव्या सामूहिक सूचीपासून त्यांनी नावं देण्याची पद्धत बदलली. आता ते 'ब्युटानोइक अ‍ॅसिड, ३-ऑक्सो-, इथाइल एस्टर' झालं होतं, म्हणजे 'बी' खाली. अ‍ॅनिलीन 'बेंझिनअमाइन' झालं, टोल्युइन 'बेंझीन, मिथाइल-'. मूळ सांगाडा आधी, त्याला जोडलेलं नंतर. आपण माणसाला हाक नावाने मारतो पण मतदार यादीत आडनावाने शोधतो, तसंच हे. या सूचीसोबत 'इंडेक्स गाइड' नावाचा वेगळा खंड असतो. नेहमीचं नाव तिथे पाहिलं की सूचीतलं नाव मिळतं. मी तो दोन दिवसांनी उघडला, तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत उघडा.

नाव अडलं तर सूत्राच्या सूचीकडे वळा. आधी कार्बन, मग हायड्रोजन, बाकीची मूलद्रव्यं इंग्रजी वर्णक्रमाने. आमचं द्रव म्हणजे सी६एच१०ओ३. त्या सूत्राखाली इतरही पुष्कळ संयुगं असतील, पण नावं वाचत गेलं की आपलं ओळखू येतं.

आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे सीएएस, म्हणजे केमिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स सर्व्हिसचा, क्रमांक. १९६५ पासून प्रत्येक पदार्थाला हा तीन तुकड्यांचा क्रमांक देतात. नाव कितीही बदललं तरी हा तोच राहतो. इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटचा १४१-९७-९. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो आणि तो हाताने तपासता येतो: तो सोडून उरलेले आकडे उजवीकडून एक, दोन, तीन असे गुणत जायचं. सात एके सात, नऊ दुणे अठरा, एक त्रिक तीन, चार चोक सोळा, एक पंचे पाच. बेरीज ४९, शेवटचा अंक ९, जुळला. बाटलीवरून किंवा कुणाच्या वहीतून क्रमांक उतरवलात की एकदा हे करून बघा. एक अंक चुकला तर बहुधा इथेच पकडला जातो.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट्सच्या सूचीत सारांशाच्या क्रमांकाआधी कधी 'पी' असतो, कधी 'आर'. पी म्हणजे पेटंट, आर म्हणजे आढावा घेणारा लेख. नवख्याने 'आर' आधी पकडावा. एका चांगल्या आढाव्यात पन्नास निबंधांची वाट तयार मिळते. क्रमांकाच्या शेवटी असलेलं अक्षर १९६७ नंतर फक्त पडताळणीचं आहे. त्याच्या आधीच्या खंडांत तेच अक्षर पानावरची जागा दाखवतं, म्हणून जुन्या खंडातून उतरवताना ते गाळू नका.

बायलस्टाइन मी पहिल्यांदा पाहिलं ते दुसऱ्या गावच्या एका संशोधनसंस्थेत. मॅडमनी चिठ्ठी दिली होती. अशी चिठ्ठी मागायला संकोच करू नका, तिच्यावर बहुतेक दारं उघडतात. सेंद्रिय संयुगांचा हा जर्मन महाग्रंथ १८८१ मध्ये दोन खंडांत सुरू झाला आणि नंतर त्याने भिंतीच्या भिंती व्यापल्या. चौथ्या आवृत्तीच्या मुख्य मालिकेत १९०९ पर्यंतचं साहित्य, पुढे पुरवणी मालिका. पाचवी पुरवणी, १९६० ते १९७९ ची, तेवढी इंग्रजीत. त्याआधीचं सगळं जर्मन. ते बघून मला रडू यायचं बाकी होतं.

पण भाषा येत नसताना ते वाचता येतं, हे त्या दुपारी कळलं. खंडांचे क्रमांक सर्व मालिकांत तेच राहतात: साखळीची संयुगं १ ते ४, कार्बनच्या कड्यांची ५ ते १६, विषमचक्रीय १७ ते २७. आमचं संयुग तिसऱ्या खंडात, 'अ‍ॅसेटएसिगएस्टर' या नावाने. 'एसिग' म्हणजे व्हिनेगर, हे समजल्यावर नावाची भीती गेली. मुख्य मालिकेत पान एकदा सापडलं की पुरवण्यांच्या पानांच्या माथ्यावर मुख्य मालिकेचा तोच पानक्रमांक दिलेला असतो, त्याच्या बोटाला धरून पुढच्या पन्नास वर्षांत जाता येतं. शब्द तर दहा-पंधराच लागतात. 'एफ' म्हणजे मेल्टिंग पॉइंट. 'केपी' म्हणजे बॉइलिंग पॉइंट, आणि त्याच्या पायाशी बारीक अक्षरात दाब: माझी राहून गेलेली तिरकी रेघ इथे अक्षराच्या पायाशीच बांधलेली होती. 'नाडेल्न' म्हणजे सुईसारखे स्फटिक. मेल्टिंग पॉइंटपुढे कंसात 'त्सेर्स.' दिसलं तर पदार्थ वितळताना विघटित होतो. हे शब्द मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. ते पान अजून आहे.

संदर्भांची लघुरूपं तिथे फारच आखूड. नुसतं 'बी.' म्हणजे जर्मन केमिकल सोसायटीचं 'बेरिष्टे', 'ए.' म्हणजे लीबिगचं 'अनालेन', 'सॉक.' म्हणजे लंडनच्या केमिकल सोसायटीचं जर्नल, 'अ‍ॅम. सॉक.' म्हणजे अमेरिकन केमिकल सोसायटीचं. खंडाच्या सुरुवातीला त्यांची यादी असते. ती आधी वाचली असती तर 'सॉक.' नावाचं नियतकालिक मी तासभर शोधलं नसतं.

आज बायलस्टाइनमधला हाच साठा रिअ‍ॅक्सिस या डेटाबेसमध्ये आहे. तुमच्या संस्थेला तो आहे का हे ग्रंथालयात विचारा; आवारातल्या संगणकावरच चालतो असं बऱ्याचदा असतं. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षणसंस्थांना हजारो नियतकालिकं मिळू लागली आहेत. तिचं काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या संस्थेकडे आहे. म्हणजे सूचीतून मिळालेला निबंध उघडता न येणं हे दुखणं पूर्वीएवढं राहिलेलं नाही. पैसे न मोजता घरून बघायचं तर पबकेम, निस्टचं वेबबुक आणि सीएएसचं कॉमन केमिस्ट्री. प्रबंधांसाठी शोधगंगा.

कृती हवी असेल तर 'ऑर्गॅनिक सिंथेसिस' सोडू नका. १९२१ पासून चालू आहे, इंटरनेटवर मोफत आहे, आणि त्यातली प्रत्येक कृती छापण्याआधी दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहिलेली असते. तळटीपा कृतीइतक्याच लक्ष देऊन वाचा. फ्लास्क केवढा, ढवळायचं किती, रंग कधी बदलतो हे तिथे सांगितलेलं असतं. व्होगेलच्या सेंद्रिय प्रयोगांच्या पुस्तकाचंही तेच. इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटसाठी त्यात वेगवेगळ्या दाबांचे बॉइलिंग पॉइंट एका रांगेत दिले आहेत, ८० मिमीला १०० अंशापासून १२ मिमीला ७१ पर्यंत. त्याच रांगेतला एक आकडा मी उचलला होता.

पहिल्या दिवशी सगळं ग्रंथालय पाहायला जाऊ नका. स्वतःच्या प्रयोगातलं एक संयुग, त्याचं सूत्र आणि सीएएस क्रमांक घेऊन जा. त्याचा बॉइलिंग पॉइंट तीन ठिकाणी काढा, प्रत्येकापुढे दाब, पुस्तक, आवृत्ती, पान लिहा. तीन आकडे जुळले नाहीत तर तिन्ही तसेच वहीत राहू द्या, आणि कुठलाही खोडण्याआधी त्या ओळीच्या पोटातल्या निबंधाचा अंक मागून घ्या.