आधी घड्याळं जुळवा

लाठीमारात किंवा कोठडीत माणूस दगावला तर नेमकं काय झालं हे शोधतं कोण, असं गावाकडची पोरं मला विचारतात. मीही फॉरेन्सिकला आले तेव्हा वाटायचं, एक हुशार तज्ज्ञ येऊन सगळं उलगडतो. तसं नसतं.

लाठी जोरात बसली की कातडीवर दोन समांतर लाल रेघा उठतात आणि मधला पट्टा फिका राहतो. दाबाखालचं रक्त बाजूला सरकतं, कडेच्या बारीक वाहिन्या फुटतात. त्या रेघांतल्या अंतरावरून न्यायवैद्यक डॉक्टर काठीच्या जाडीचा अंदाज देतात. तळपायावरचा मार मात्र वरून दिसेलच असं नाही, तिथं चीर देऊन पाहावं लागतं. पण मारलं कुणी, माणूस अंगावर येत होता की पळत होता, हे वळ सांगत नाही. ते व्हिडिओचं काम. आणि गोळी किती लांबून सुटली, त्यासाठी शस्त्रतज्ज्ञ जखमेभोवतीचे बंदुकीच्या दारूचे कण पाहणार.

पण प्रत्येक कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं चालतं, ती आधी जुळवावी लागतात. म्हणून मी आणि मैत्रिणींनी त्याचा सराव केला तो गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीवर. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरचे दोन मोबाईल व्हिडिओ आणि मामेभावाच्या दुकानाचा सीसीटीव्ही. एकाच सुतळी बॉम्बचा आवाज तिन्हीकडं शोधला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १७० मीटरवरच्या मोबाईलला तो अर्धा सेकंद उशिरा मिळतो. एवढी वजावट केल्यावर कळलं, सीसीटीव्हीचं चित्रीकरण साठवणारा डीव्हीआर सात मिनिटं पुढं!

दुसऱ्या सरावात माझी फजिती झाली. आधी व्हिडिओ पाहिला आणि मग जखमेच्या फोटोत मला लाठीच्या रेघा 'दिसल्या'. व्हिडिओ न पाहिलेल्या मैत्रिणीनं त्याच फोटोत दप्तराच्या पट्ट्याचा वळ ओळखला. तेव्हापासून आमचा नियम: प्रत्येकीनं आपलं मत लिहून सही करायची, मगच एकत्र बसायचं.

कायद्याचा भागही वाचाच. चकमकीतल्या मृत्यूंबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये, पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र खटल्यात, जिल्हा रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांकडून शवविच्छेदन आणि त्याचं चित्रीकरण सांगितलंय. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी दंडाधिकारी करतात.

आणि हो, चुकलेलं घड्याळ दुरुस्त करायचं नाही, फरक लिहून ठेवायचा. मामेभावाला मी अजून काही सांगितलेलं नाही. त्याचा डीव्हीआर आजही पुढंच पळतोय.