जिल्हा बदललाय आणि सरकारी शाळेत शिक्षक व्हायचंय? या चुका टाळा

लग्न होतं, जोडीदाराची बदली होते किंवा म्हाताऱ्या आई-वडिलांजवळ राहायचं ठरतं, आणि माणूस जिल्हा बदलतो. हातात डी.एड. किंवा बी.एड. असतं, चार वर्षं शिकवल्याचा अनुभव असतो. नव्या ठिकाणी सामान लागलं की पहिलं काम म्हणजे आसपासच्या शाळांमध्ये बायोडेटा देत फिरणं. मुख्याध्यापक बसायला सांगतात, चौकशी करतात, "जागा निघाली की कळवतो" म्हणतात. ते खोटं बोलत नसतात. पण जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या शाळेतलं नियमित पद भरणं त्यांच्या हातातच नसतं.

महाराष्ट्रात ही भरती राज्य पातळीवर, पवित्र पोर्टल या शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावरून होते. खासगी अनुदानित शाळांची पदंही तिथूनच भरायची असतात. फरक एवढाच की त्यात मुलाखतीचा टप्पा असू शकतो. म्हणून तुम्ही राहायला कुठे आलात यापेक्षा तुमचे गुण, तुमचा प्रवर्ग, माध्यम, विषय आणि तुमचे कागद यांवर सगळं ठरतं. हे लवकर लक्षात आलं तर बरीच पायपीट वाचते.

शिक्षक कमी दिसतात म्हणून जागा आहे असं समजणं

गावातल्या शाळेत पाच वर्गांना दोन शिक्षक आहेत, हे सगळं गाव सांगतं. तरीही तिथे जाहिरात का निघत नाही, याचं उत्तर संचमान्यतेत असतं. पटावरच्या विद्यार्थ्यांच्या संख्येवरून शाळेला किती पदं मंजूर आहेत ते दरवर्षी ठरतं. पट घसरला की पद जातं, मग वर्ग कितीही असोत. मंजूर पद रिकामं असलं तरी आधी दुसऱ्या शाळांमधल्या अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होतं. त्यानंतर बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार पदांची क्रमवार नोंद, तपासून कोणत्या प्रवर्गाच्या किती जागा आहेत ते निश्चित होतं आणि मगच पद जाहिरातीत येतं.

त्यामुळे शाळेत चौकशी करण्याऐवजी जाहिरात निघाल्यावर ती नीट वाचा. तुमच्या प्रवर्गाची, तुमच्या माध्यमाची, तुमच्या विषयाची जागा त्या जिल्ह्यात आहे का, हे तिथे स्पष्ट दिसतं. एखाद्या जिल्ह्यात शंभर जागा असतील आणि त्यातली एकही तुमच्यासाठी नसेल, असं होऊ शकतं. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतल्या अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पेसा भागात, स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी राखीव पदांचे वेगळे नियम आहेत. तिथली एकूण संख्या बघून आशा बांधू नका.

टीईटी, सीटीईटी आणि टेट यांची गल्लत

तिन्ही नावं सारखी वाटतात आणि घोटाळा होतो. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, ही फक्त पात्रता ठरवणारी परीक्षा. पहिली ते आठवीला शिकवायचं तर ती हवीच. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेपासून ही अट आहे. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. १५० पैकी ९० गुण, म्हणजे ६० टक्के, मिळाले की खुल्या प्रवर्गातला उमेदवार पात्र. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. केंद्राची अशीच परीक्षा म्हणजे सीटीईटी. तीही महाराष्ट्रात ग्राह्य धरतात.

परराज्यातून येणाऱ्यांनी इथे सावध राहावं. त्या राज्याची टीईटी महाराष्ट्रात चालेलच असं गृहीत धरू नका. ज्यांना पुढे पुन्हा राज्य बदलावं लागेल असं वाटतं त्यांनी सीटीईटी देऊन ठेवलेली चांगली. केंद्रीय विद्यालयांसाठीही तीच लागते. २०२१ पासून टीईटीचं प्रमाणपत्र आजीवन वैध आहे आणि तो निर्णय २०११ पासूनच्या प्रमाणपत्रांना लागू आहे. तेव्हा सात वर्षं झाली म्हणून जुनं प्रमाणपत्र कपाटात टाकून बसलेल्यांनी ते बाहेर काढावं.

टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही निवडीची परीक्षा. २०० प्रश्न, १२० मिनिटं. १२० गुण अभियोग्यतेला, ८० बुद्धिमत्तेला. हिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसतं, गुणांवरच गुणवत्ता यादी लागते. आतापर्यंत ती २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. मधल्या अंतरांकडे बघा. ही परीक्षा दरवर्षी होत नाही, आणि चालू भरतीला त्या फेरीच्याच चाचणीचे गुण लागतात. सामान हलवण्याच्या गडबडीत अर्जाची तारीख हुकली तर पुढची संधी कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. नव्या घरात इंटरनेट यायच्या आधी अर्जाची तारीख येत असेल, तर अर्ज जुन्या घरातूनच भरा.

बी.एड. झालेल्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीच्या भरतीला बी.एड. ही पात्रता चालत नाही, तिथे डी.एड. किंवा डी.एल.एड. लागतं. बी.एड. असलेल्यांनी पेपर एकच्या मागे लागण्यापेक्षा पेपर दोन आणि नववी-दहावीच्या पदांकडे लक्ष द्यावं. पेपर दोनमध्ये गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्र असे वेगळे गट आहेत हेही अर्ज भरताना आठवा.

नाव आणि दाखले

सगळ्यात जास्त उमेदवार अडकतात ते इथे, म्हणून जरा थांबून बोलू.

लग्न होऊन आलेल्या शिक्षिकेचे कागद एकदा टेबलावर मांडून बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव. टीईटीच्या प्रमाणपत्रावर तेच. आधार कार्डावर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. बी.एड.च्या पदवीवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. जातीचा दाखला माहेरच्या नावाचा. माणूस एकच आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण कागदपत्रं तपासणाऱ्या लिपिकाला ते कागदावरून दिसावं लागतं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद, हे दोन कागद या सगळ्यांना जोडतात. भरतीची वाट न बघता ते आधी करून घ्या. आणि अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे हवं की सध्याचं, हे सूचनांमध्ये वाचून तसंच लिहा.

जातीचा दाखला माहेरच्या जातीवर मिळतो, लग्नाने तो बदलत नाही. तो आणि जात वैधता प्रमाणपत्र यांसाठी वडिलांकडचे पुरावे लागतात, त्यामुळे नव्या जिल्ह्यात आल्यावर माहेरी पुन्हा खेप पडते. शाळा सोडल्याचे जुने दाखले, आजोबांच्या नोंदी, जे काही असेल ते निघतानाच सोबत आणा.

नॉन-क्रिमीलेअरच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. विवाहित स्त्रीसाठी नवऱ्याचं उत्पन्न धरत नाहीत, तिच्या आई-वडिलांचं धरतात. नवऱ्याच्या पगाराची स्लिप घेऊन सेतू केंद्रात जाणाऱ्या आणि निराश होऊन परतणाऱ्या मुली आजही आहेत. त्या हक्काच्या लाभाला मुकतात, याचं खरंच वाईट वाटतं. शिवाय या प्रमाणपत्राला मुदत असते. जाहिरातीत दिलेल्या तारखेला ते चालू असायला हवं.

परराज्यातून आलेल्यांनी हे स्वच्छ समजून घ्यावं: दुसऱ्या राज्यातल्या जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्रात आरक्षण मिळत नाही. कुटुंब महाराष्ट्रात कधीपासून आहे त्यावर ते अवलंबून असतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांचा संबंध येतो. तुमच्या बाबतीत हे बसत नसेल तर खुल्या प्रवर्गातून तयारी करा आणि गुणांचं लक्ष्य तसं ठेवा. अधिवास प्रमाणपत्रासाठी सर्वसाधारणपणे १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी भाषकांना राज्याच्या भरतीत वेगळी तरतूद आहे. बेळगाव-निपाणीकडच्या उमेदवारांनी जाहिरातीतला तो परिच्छेद शोधावा.

प्राधान्यक्रम घाईत लॉक करणं

पवित्रवर जिल्हा आणि संस्थांचे पर्याय उतरत्या क्रमाने द्यायचे असतात. एका पर्यायावर शिफारस झाली की त्याच्या खालचे पर्याय संपतात. लॉक केल्यावर बदलही करता येत नाही. नवीन घराजवळचा जिल्हा पहिला टाकला, दुसरा शेजारचा, आणि बाकीचे जसे दिसले तसे भरले, असं बरेच जण करतात. मग शिफारस येते ती सातशे किलोमीटरवरची, आणि घरात दोन लहान मुलं असतात.

प्रत्येक पर्यायासमोर स्वतःला विचारा: इथे आदेश आला तर मी खरंच रुजू होईन का? नाही असेल तर तो पर्याय देऊ नका. बदली नंतर करून घेऊ या भरवशावर तर मुळीच नको. नवनियुक्तांच्या आंतरजिल्हा बदलीवर भरतीच्या अटींमध्ये काय लिहिलंय ते वाचा आणि मग ठरवा. दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच नुकसानीची: फक्त एकाच जिल्ह्याचे दोन-तीन पर्याय टाकून थांबणं. गुण मध्यम असतील तर लांबचा पण राहता येण्याजोगा जिल्हा यादीत ठेवायलाच हवा.

पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये आहे. दूरच्या गावी भाडं भरून, दोन घरं चालवून तेवढ्यात भागेल का, हा हिशेब घरच्यांसोबत बसून पर्याय लॉक करण्याआधी करा.

असलेली नोकरी सोडून येणं

जिल्हा परिषदेत आधीच शिक्षक असाल तर राजीनामा देऊन नव्या जिल्ह्यात नव्याने सुरुवात करू नका. आंतरजिल्हा बदलीचा मार्ग आधी पूर्ण तपासा. पती-पत्नी एकत्रीकरण हा तिथे प्राधान्याचा विषय आहे, आणि आपसी बदलीही होते. नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता तळाला जाते हे खरं, त्यामुळे पदोन्नती लांबते. पण नोकरी टिकते, वेतनश्रेणी टिकते. राजीनामा दिला की पुन्हा टेट आणि पुन्हा तीन वर्षं शिक्षण सेवक.

पैसे देऊन मिळणारी 'ऑर्डर'

नव्या गावात ओळख नसते, आणि नेमका याच एकटेपणाचा फायदा घेतला जातो. "संस्थेत जागा आहे, देणगी द्यावी लागेल, मान्यता आम्ही आणतो" असं सांगणारा माणूस भेटतोच. नियुक्तीपत्र मिळणं म्हणजे नोकरी मिळणं नव्हे. अनुदानित पदावरच्या शिक्षकाला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते, त्यानंतर शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी वेतनप्रणालीतला क्रमांक, मिळतो आणि मगच सरकारकडून पगार सुरू होतो. प्रक्रिया डावलून झालेली नेमणूक या टप्प्यांवर अडते, आणि शिक्षक वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवत राहतो. शेत विकून दिलेले पैसे परत मागायला पावतीही नसते.

पद मंजूर आहे का, जाहिरात पवित्रवर आहे का, अनुदान पूर्ण आहे की टप्प्याटप्प्याने मिळणारं, हे तीन प्रश्न विचारा. समोरचा उत्तर टाळू लागला तर उठून या. प्रमाणपत्र 'करून देणाऱ्यां'पासूनही लांब राहा. टीईटीतले गैरप्रकार उघडकीस आल्यावर हजारो उमेदवारांचे निकाल रद्द झाले आहेत.

वाट बघताना फक्त वाट बघणं

भरती लांबते. तोवर केंद्रीय विद्यालयांमध्ये कंत्राटी शिक्षकांच्या मुलाखती होतात, सहसा शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर. त्या त्या विद्यालयाच्या संकेतस्थळावर सूचना येते. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांची भरती वेगळी असते. तासिका तत्त्वावरचं काम घ्यायला हरकत नाही, पण ते पुढे कायम होईल या आशेवर टेटचा अभ्यास सोडू नका. वयाचंही भान ठेवा: सर्वसाधारण मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षं आहे.

कागदपत्रं पडताळणीत अडलात तर

शिफारस झाली, पडताळणीला गेलात आणि टेबलावरून "हे चालणार नाही" असं तोंडी ऐकून परत आलात, तर तिथे गप्प बसू नका. नेमकी त्रुटी कोणती आणि ती कोणत्या सूचनेनुसार, हे लेखी मागा. आपला खुलासा अर्जाच्या स्वरूपात द्या, सोबत कागदांच्या प्रती लावा आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. पुढे शिक्षणाधिकारी, शिक्षण आयुक्तालय किंवा न्यायालयापर्यंत जावं लागलं तर हीच पोच कामाला येते. मूळ कागद कोणाकडेही ठेवू नका. दाखवा, प्रत द्या आणि मूळ कागद परत घेऊन या.