पोकळ शिल्पाची आतली बाजू गायब व्हायची, त्यावरचा उपाय

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एक अमूर्त शिल्प केलं होतं. बाहेरचा पृष्ठभाग शंखासारखा वळत आत शिरतो. ब्राउझरमध्ये उघडलं की आतली बाजू गायब, थेट पलीकडचं दिसायचं. पृष्ठभागाची मागची बाजू ब्राउझरमधले थ्रीडी व्ह्यूअर बरेचदा दाखवतच नाहीत.

ब्लेंडरमधलं 'फेस ओरिएंटेशन' (बाजू रंगाने दाखवणारा पर्याय) लावून पाहिलं: निळी म्हणजे पुढची बाजू, लाल म्हणजे मागची. बाहेरही लाल ठिगळं निघाली; ती शिफ्ट+एनने (पुढची बाजू बाहेर वळवणारी कळ) सुधारली. मग सॉलिडिफाय या मॉडिफायरने (मूळ आकार न बदलता त्यावर केलेली प्रक्रिया) जाडी दिली आणि त्यातल्याच मटेरियल ऑफसेटने आतल्या भिंतीला वेगळं मटेरियल, म्हणजे वेगळा रंग (भलताच उपयोगी पर्याय!). एक्सपोर्ट करताना मॉडिफायर लागू करायला विसरू नका.

क्लाइन बॉटलला (स्वतःतूनच आत शिरणारा बाटलीसारखा गणिती पृष्ठभाग) मात्र शिफ्ट+एन पुरत नाही. तिला आत-बाहेर नसतंच, त्यामुळे निळ्या-लालची शिवण कुठेतरी राहतेच. तिथे मी मटेरियलच दोन्ही बाजूंनी दिसणारं ठेवलं.